मसुदा

साखर पेठेत, यंत्रमागाच्या वरच्या खोलीत
रात्री साडेनऊला जग भरतं.
जग म्हणजे छत्तीस चौकोन,
त्यातले अकरा काळे, नुसती नावं.
बोगोटात सकाळ. नैरोबीत दिवेलागण.
कोलंबोचं आणि आमचं घड्याळ एकच,
म्हणून तिथल्या बाईच्या मागेही
तीच ट्यूब, ट्यूबमागे तीच पाल.

नरसव्वा चिप्पा सूप मांडीवर घेऊन बसते.
हजार विड्या व्हायच्यात, बैठक असो नसो.
ती तेलुगूत बोलते, मी इंग्रजीत सांगते,
पुढे कुणी ते स्पॅनिशमध्ये नेतं.
तिचं वाक्य चार घरचं पाणी पिऊन परत येतं
तेव्हा तिलाच ओळखू येत नाही.
"मी एवढं बोलले?"
नाही गं. तू फक्त म्हणालीस,
बिस्मिल्लाचा पोरगा अजून घरी आला नाही.

चटईच्या दुसऱ्या टोकाला वल्लाल सर.
शांतता समितीचे. इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं.
तीन वर्षं आम्ही एका खोलीत बसत नव्हतो.
ते म्हणायचे, आधी गाव निवू द्या.
आम्ही म्हणायचो, आधी पोराला सोडवा.
दोघांचे मोर्चे एकाच चार हुतात्मा चौकातून,
वेगवेगळ्या दिवशी.
मग बाहेरून पत्र आलं:
एका शहराची एकच सही.
तेव्हा कुठे सरांनी आमच्याकडचा चहा घेतला.
बिनसाखरेचा, आणि तोही अर्धाच.

कुणीतरी सुरुवातीला म्हणालं,
आपण सगळे मिळून एक चादर विणतोय.
सोलापूरच्या लोकांना हे ऐकून बरं वाटेल, असंही.
नरसव्वा हसली.
"विणणं सोपंय. विकायला गेलं की कळतं."
हे मी इंग्रजीत सांगितलं नाही.

मसुद्याचं तिसरं कलम:
आम्ही शांततेची मागणी करतो.
मी वाचलं, आणि तिची कात्री थांबली.
आज पहिल्यांदाच ती मराठीत बोलली,
सरांकडे बघून.

"शांतता आहे की.
गिरणीचा भोंगा बंद झाला, त्या दिवशी झाली.
पोराला नेलं, त्या रात्री गल्लीत केवढी होती.
चौदा महिने बिस्मिल्ला कोर्टाच्या व्हरांड्यात बसते,
वर पाटी आहे, शांतता राखा.
राखतेच आहे ती.
अजून किती मागता?"

आता हे कसं न्यायचं पलीकडे?
इंग्रजीत दोन शब्द, दोन वेगळी दारं.
मी अडखळले. छत्तीस चौकोन वाट बघत राहिले.
तेवढ्यात कोलंबोची बाई पुढे सरकली,
"आमच्या तमिळमध्येही असंच. अमैदी.
त्याचे दोन्ही अर्थ होतात."
आणि तिनं एक फोटो उचलून धरला,
कॅमेऱ्याच्या इतका जवळ
की आम्हाला फक्त एक कान दिसला,
आणि शाळेच्या शर्टाची कॉलर.

वल्लाल सरांनी पेन काढलं.
नरसव्वा छाट विड्या काढते तसं
त्यांनी तिसरं कलम बाजूला काढलं,
रागानं नाही, नुसतं सुपाच्या कडेला.
समासात लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं:
हाक मारली तर ओ येईल, अशी शांतता.

बोगोटाला ते पोचायला बराच वेळ लागला.
परत आलं ते असं:
शेजाऱ्याला ऐकू येईल एवढी शांतता.
"चूक आहे," मी म्हटलं.
"राहू दे," सर म्हणाले.
नैरोबीची एक संस्था म्हणाली, हे कायद्यात बसत नाही,
आम्ही सही करणार नाही.
त्यांचा चौकोन काळा झाला. पस्तीस.
त्यांचंही खोटं नव्हतं.

मग वीज आली आणि खाली माग सुरू झाले.
स्क्रीन थरथरायला लागला,
चहाचे कप चटईवर हळूहळू सरकायला लागले.
बोगोटानं काळजीनं विचारलं,
तिकडे सगळं ठीक आहे ना? हा आवाज कसला?

नरसव्वानं दोरा दातांनी तोडला.
"टॉवेल," ती म्हणाली.